मधली जागा

माझी वहिनी असिमिना आयुष्यभर एकाच बाईवर जळत राहिली, आणि ती बाई वहिनी आमच्या घरात येण्याआधीच मेलेली होती. जिवंत सवतीशी भांडता येतं, तिच्या झिंज्या उपटता येतात, तिच्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणून चारचौघींत नाक मुरडता येतं. मेलेलीचं काय करणार? ती म्हातारी होत नाही, तिचे दात पडत नाहीत, ती नवऱ्यावर खेकसत नाही. माझ्या दादाने, झिसिसने, आपल्या पहिल्या बायकोच्या आठवणीत इतकी साखर घातली होती की खरी लेमोनिया कशी होती हे त्याचं त्यालाही आठवत नसावं. मला आठवत होतं. चांगली होती, नाही असं नाही, पण चाळण मागायला गेलं तर घरात असून नाही म्हणायची.

लेमोनिया लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. दादाची ओढ्यावर पाणचक्की होती, घरात आई होती आणि मी दोन घरं पलीकडे दिलेली. थोड्या काळाने आईने खालच्या मैदानातल्या एका गावातून असिमिनाला आणलं. तिशी उलटलेली, आईबापांची आजारपणं काढता काढता लग्नाचं राहून गेलेलं. हाडापेराने मजबूत, बोलायला फटकळ. मैदानातली म्हणून आमच्या डोंगरातल्या बायका तिला मागून बेडकी म्हणायच्या. चक्कीवर गहू निवडताना एकदा तिने ते ऐकलं.

“बेडकी तर बेडकी,” ती मान वर न करता म्हणाली. “निदान रोज पाण्यात तरी असते. तुमच्यातल्या काही जणींच्या जवळ बसवत नाही.”

त्या दिवसापासून मला ती आवडायला लागली. तिला मी आवडायला बराच वेळ लागला, कारण मी लेमोनियाची मैत्रीण होते असं तिने मनाशी धरलं होतं.

दादाची एक सवय होती. दर शनिवारी संध्याकाळी चक्कीचं पाणी तोडलं की तो तेलाची बाटली घेऊन कबरस्तानात जायचा आणि लेमोनियाच्या डोक्याशी दिवा लावायचा. यात नवल काही नाही, दिवा सगळेच लावतात. पण लोक दिवा लावतात, छातीवर क्रॉसची खूण करतात आणि घरी येतात. दादा तिथे बसायचा. वहिनीने दोन-तीनदा सोडून दिलं. मग एकदा ती सरूच्या झाडामागे उभी राहून ऐकून आली आणि तडक माझ्या स्वयंपाकघरात शिरली.

“वन्सं, आपल्या खेचराचा पाय मुरगळलाय.”

“बरं मग?”

“मग काय? मला घरात कोणी सांगितलं नाही. यांनी तिला सांगितलं. खेचराचा पाय, चक्कीचा दात तुटला ते, पलीकडच्या रानात रानडुकरं आली ते. सगळं. घरी आले की म्हणतात, दमलो. मला माझ्या घरातल्या खेचराची खबर सवतीकडून कळायची का?”

“अगं वहिनी, ती ऐकते थोडीच.”

“तेच तर. न ऐकणारीला सांगतात. मी ऐकते तर मला सांगत नाहीत.”

माझ्या नवऱ्यानेही मला कधी खेचराचं काही सांगितलं नव्हतं, पण मी त्याचं कधी मनाला लावून घेतलं नव्हतं.

मेलेल्यांच्या आठवणीचे, आत्म्यांचे शनिवार आले की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या शनिवारी प्रत्येक घरातून चर्चमध्ये कोलिवा जातो. उकडलेला गहू, त्यात अक्रोड, बदाम, डाळिंबाचे दाणे, वरून साखरेचा जाड थर आणि त्या थरावर मेलेल्याच्या नावाचं पहिलं अक्षर. आमच्या घरातला कोलिवा अर्थातच लेमोनियासाठी, आणि करायचा कोणी, तर घरच्या सुनेने. वहिनीच्या हाताला चव होती. वाईट करून चालणार नव्हतं, गावाने म्हटलं असतं की सवतीच्या नावाचा म्हणून हात आखडला. म्हणून तो ती जीव ओतून करायची आणि करताना सगळा वेळ पुटपुटत राहायची.

“बाळंतीण झाले तेव्हा माझ्यासाठी कोणी एक अक्रोड फोडला नाही,” असं पुढे एका वर्षी बत्ता आपटत ती म्हणाली, “आणि मेलेलीसाठी मी टोपलंभर फोडतेय. हिचं बरंय. खायचं नाही, प्यायचं नाही, आणि दरवेळी पहिली वाढी हिची.”

साखरेवर बदामांनी लेमोनियाचं अक्षर काढताना तिचे ओठ घट्ट मिटलेले असायचे. ते अक्षर ती काढायची, पण ते नाव तिने कधी उच्चारलं नाही. ‘ती’, ‘पहिली’, ‘यांची ती’ असंच म्हणायची. चर्चमधून परत आल्यावर बायका वाटीतला कोलिवा चमच्याने खात म्हणायच्या की लेमोनिया भाग्यवान, अजून तिचं इतकं होतं. वहिनी हसून अजून थोडा वाढायची. घरी आल्यावर भांडी अशी घासायची की आई दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

हे सगळं मी सहज सांगतेय, पण खरी गोष्ट सुरू झाली ती लेमोनियाला वर काढलं त्या दिवशी.

आमच्या मेसोवूनी गावात माणूस कायमचा जमिनीत राहत नाही. चर्चमागचा तुकडा लहान, खाली सगळा खडक, पुढच्याला जागा करावीच लागते. चार-पाच वर्षं झाली की घरच्या बायका कुदळ-फावडं घेऊन जातात, आपलं माणूस वर काढतात, हाडं वाइनने धुतात, उन्हात वाळवतात आणि पेटीत ठेवून अस्थिघरात नेतात. कबर म्हणजे चार दिवसांचं बिऱ्हाड. राहायचं ते पेटीतच. आणि हाडं कशी निघाली यावरून गाव माणसाला शेवटचं जोखतं. पिवळसर, स्वच्छ, मेणासारखी निघाली तर माणूस मनाने निर्मळ. काळी निघाली तर जो तो एकमेकाकडे बघतो आणि घरी जाऊन बोलतो.

आईचे गुडघे गेलेले, म्हणून खणायला मी आणि शेजारची काल्लिरोई. वहिनीने यायची गरज नव्हती. कोणी बोलावलं नव्हतं, तरी ती आली आणि बाह्या सारून कुदळ हातात घेतली. मला वाटलं, चला, मोठं मन केलं. कसलं मोठं मन. तिच्या डोळ्यांकडे बघितल्यावर मला कळलं की तिला बघायचं होतं. हाडं काळी निघावीत म्हणून ती आली होती.

आधी कवटी निघते. घरच्या बाईने ती हातात घ्यायची, पांढऱ्या फडक्यात गुंडाळायची, मुका घ्यायचा आणि पुढे द्यायची. कवटी वहिनीच्याच हाताला लागली. तिने माती पुसली आणि ती तशीच बसून राहिली. मेणासारखी होती. नुसती स्वच्छ नाही, उन्हात चकाकत होती. काल्लिरोईने क्रॉस केला.

“बघा बायांनो, सोनं आहे सोनं. म्हणत नव्हते मी, देवाचं माणूस होतं.”

वहिनीने मुका घेतला न घेतला आणि कवटी दादाकडे दिली. दादाने ती दोन्ही हातांत धरली, कपाळाला कपाळ लावलं आणि डोळे मिटले. किती वेळ झाला कोण जाणे. पाद्री पापा-रिझोस खाकरले तरी त्याने डोळे उघडले नाहीत. मी वहिनीकडे बघायचं टाळलं. वाइनने हाडं धुताना तिचे हात थांबले नाहीत, पण ती प्रत्येक हाड उलटून पालटून बघत होती, कुठे एखादा तरी डाग सापडेल म्हणून. नाही सापडला.

“जागा वरच्या अंगाची आहे,” मी तिच्या कानाशी म्हटलं. “खडीची जमीन, पाणी ठरत नाही. तिथे सैतानाला पुरलं तरी अशीच निघतील.”

“नाही वन्सं. तुम्ही माझं मन राखताय.”

“अगं, चाळण देत नव्हती ती.”

“कोणी सांगावं, नसेल घरात.”

म्हणजे बघा. ज्या बाईच्या नावाने ही रात्रंदिवस जळत होती, तिची बाजू माझ्यासमोर हीच घेत होती. ती वाईट होती असं पटलं असतं तर बिचारीला झोप तरी लागली असती.

मग दादाने पेटी आणवली. सुताराकडून अक्रोडाच्या लाकडाची करून घेतलेली, आणि रुंद. अस्थिघरातल्या बाकीच्या पेट्या एका माणसाच्या होत्या, ही दीड-दोन माणसांची. दादाने स्वतःच्या हाताने हाडं एका बाजूला नीट लावली, दुसरी बाजू मोकळी ठेवली आणि पापा-रिझोसना म्हणाला, “ही बाजू माझी.”

काल्लिरोईचे डोळे भरून आले. सगळ्यांनाच ते फार गोड वाटलं. वाइनने लाल झालेले हात लुगड्यासारख्या लांब एप्रनला पुसत वहिनी तिथेच उभी होती आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तिनेच त्याचं घर चालवलं होतं, तिच्याच पोटात तेव्हा त्याचं मूल होतं. उतारावरून घरी येताना तिने मागून विचारलं, “आणि मी?”

दादा चालत राहिला. “तू काय?”

“मी कुठे?”

“तुझं बघू,” दादा म्हणाला.

मी शेजारीच होते. दादा वाईट नव्हता. त्याला खरंच वाटलं असणार की हा काही आज बोलायचा विषय नाही. पण ते दोन शब्द वहिनीने उचलले आणि जन्मभर जपून ठेवले. दादाने विचारलं, माझा कोट कुठे आहे, तर ती म्हणायची, बघू. जेवण झालं का? बघू. पाहुण्यांसमोर, सणावारी, कुठेही. दादाला पहिली काही वर्षं कळलंच नाही. कळल्यावर तो ओशाळून हसायचा, पण बघतो असं म्हणाला नाही की पेटीबद्दल वेगळं काही बोलला नाही. आमच्या घरातले पुरुष एकदा बोललेलं मागे घेत नाहीत, मग ते बोलणं किती का मूर्खपणाचं असेना.

मुलगी झाली. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या वेळी आई चर्चमध्ये येत नाही, घरी थांबते. नाव धर्ममाता पाण्याच्या कुंडाशी उभी राहून सांगते आणि गावातली पोरं पळत जाऊन आईला कळवतात. धर्ममाता मी होते. माझ्या आईने आदल्या दिवशी मला कोपऱ्यात घेतलं.

“लेमोनिया ठेव. बिचारी मागे काही न ठेवता गेली. नाव तरी राहील. झिसिसच्याही मनात तेच आहे.”

वहिनीला हे कुठून कळलं कोण जाणे. मी बाळाला घ्यायला गेले तर तिने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाली, “वन्सं, जे ठेवायचं ते ठेवा. पण मग हिला हाक कोण मारणार तेही ठरवून या. मी मारणार नाही.”

चर्चमध्ये पापा-रिझोसनी नाव विचारलं. आईने माझ्याकडे बघितलं, दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “वाइत्सा.” ते वहिनीच्या आईचं नाव. आई पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही, मीही तिला बोलवायला गेले नाही. पोरं पळत घरी गेली. मी पोचले तेव्हा वहिनी उंबऱ्यात बसून रडत होती आणि हसत होती. त्यानंतर माझ्या घरी दर रविवारी तिच्या हातची पालक भरलेली पाई यायला लागली, आणि ती शेवटपर्यंत आली.

अशीच वर्षं गेली. वाइत्सा लग्न होऊन लारिसा शहरात गेली. चक्की बंद पडली, लोक शहरातून दळून आणायला लागले. दादा म्हातारा झाला, वहिनी म्हातारी झाली, फक्त लेमोनिया तेवीस वर्षांची राहिली. वहिनी कधीकधी आरशात बघून म्हणायची, “मी वर जाईन तेव्हा हे तिथे माझी ओळख काय म्हणून करून देतील? माझी आई?”

एका हिवाळ्यात दादाच्या छातीत कफ भरला. वहिनीने त्याचं सगळं केलं, एक रात्र दुसऱ्या कोणाला बसू दिलं नाही. गेला तेव्हा त्याचा हात तिच्या हातात होता. तेवढं तरी मिळालं, असं ती मला नंतर म्हणाली. पण तेही तिला सुखाने मिळालं नाही.

प्रेत घरात असेपर्यंत बायका भोवती बसून विलाप गातात. जिला जे सुचेल ते, चालीत. मेलेल्याच्या हाती वरच्यांना निरोप पाठवायचे, माझ्या आईला सांग, माझ्या लेकाला सांग. काल्लिरोईचा गळा चांगला. तिने सुरू केलं आणि वर गेलेल्या एवढ्या माणसांमधून नेमकी लेमोनियाच पकडली.

“जा झिसिस, दिवा लावून बसलीय लेमोनिया, वाट बघून तिची वात झाली काळी. अंथरूण घातलंय तिनं पांढरं, उशाला एकच उशी ठेवलीय.”

बायका हुंदके द्यायला लागल्या. ज्या नवऱ्याचे पाय वहिनीने आत्ताच धुतले होते, तो तिच्याच समोर नवरदेवासारखा दुसरीकडे निघाला होता, आणि सगळं गाव वरातीत होतं. मला वाटलं ही आता उठून जाईल. पण वहिनीने काळा रुमाल मागे सारला, दादाच्या छातीवर हात ठेवला आणि तिच्या मैदानातल्या जड आवाजात, चाल चुकवत, गायला लागली.

“जा धनी जा, पण दाराला कडी लावू नका. दिवा विझवू नका, तेल माझ्या हातचं आहे. सांगा तिला, मागून येतेय मी डोंगर चढत, माझी उशी माझ्या काखेत घेऊन.”

काही बायका रडायच्या थांबल्या. हसावं की रडावं ते कोणालाच कळेना. काल्लिरोईने पुढची ओळ गायली नाही.

खरं सांगते, त्या दिवशी मलाच वहिनीचा हेवा वाटला. माझा नवरा जर्मनीत कामाला गेला आणि तिथेच अपघातात गेला, तिथल्याच मातीत राहिला. मी त्याच्यासाठी रडले, काळे कपडे घातले, कोलिवा केला. पण त्याच्यासाठी असं कोणाच्या अंगावर धावून जावंसं मला कधी वाटलं नाही. माझ्या पेटीत मी एकटीच असणार आहे आणि त्याचं मला फारसं काही वाटतही नाही. वहिनीला वाटत होतं. मेलेल्या माणसाच्या अर्ध्या पेटीसाठी ती जिवंतपणी तडफडत होती.

पुढची वर्षं तिने फक्त दादाला वर काढायच्या दिवसाची वाट बघितली. कोणाला बोलली नाही, पण मला माहीत होतं. तिने लारिसाहून वाइत्साकडून पत्र्याची एक नवी, चकचकीत पेटी मागवली होती. ती पलंगाखाली ठेवलेली. दादा वर आला की लेमोनियाजवळ न ठेवता त्याला या पेटीत घालायचं आणि पुढे आपण त्याच्याजवळ जायचं, असा तिचा बेत होता.

“वहिनी, दादाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“सांगितलं होतं. आता हाडं बोलत नाहीत. बोलली तर मी म्हणेन, बघू.”

मग तो दिवस उजाडला. वाइत्सा आली, मी होते, काल्लिरोई काठी टेकत आली. तिच्याशिवाय गावात काही होतच नाही. खणायला आम्हा म्हाताऱ्यांना जमेना, वाइत्साच्या नवऱ्याने खणलं. पापा-रिझोसही आता थकले होते, खुर्चीवर बसूनच मंत्र म्हणत होते. दादाची हाडं बरी निघाली. मेणासारखी नाही, काळीही नाही, जशी त्याची कारकीर्द तशीच. वहिनीने कवटी घेतली, फडक्यात गुंडाळली आणि दोन्ही हातांत धरून कपाळाला कपाळ लावलं. दादाने केलं होतं तसंच, तितकाच वेळ. मला ते पाहून कळलं की इतकी वर्षं तिने तेही विसरलं नव्हतं.

मग काल्लिरोई म्हणाली, “चला, अक्रोडाची पेटी आणा बाहेर.”

वहिनी म्हणाली, “पेटी मी आणलीय.”

“अगं असिमिना, असं कसं? त्याची जागा ठरलेली आहे. तिला अशी टाकून द्यायची का? तिचा शाप लागेल तुला.”

“लागू दे. इतक्या वर्षांत अजून काय लागायचं राहिलंय?”

पापा-रिझोस खुर्चीतून म्हणाले, “असिमिना, मेलेल्याचा शब्द आहे. निदान पेटी उघडून तिच्यासमोर सांग.”

म्हणून पेटी बाहेर आणली. दादा दर शनिवारी दिवा लावायचा तो पेटीपुढे, क्रॉस करायचा, बोलायचा, पण झाकण त्याने त्यानंतर कधी उघडलं नसावं. झाकण चिकटलं होतं. वाइत्साने सुरीने सैल केलं, वहिनीने उचललं.

आत उंदरांनी घर केलं होतं. फडक्याच्या चिंध्या, पेंढा, अक्रोडाची टरफलं, आणि त्या सगळ्याखाली लेमोनिया. मेण कुठे गेलं होतं देव जाणे. हाडं मळकट, करडी, ओलीने बुरसटलेली, एका बाजूला बारीक दातांनी कुरतडलेली. कवटी उपडी पडली होती. काल्लिरोईने तोंडावर रुमालाचं टोक धरलं, पुढे आलीच नाही.

वहिनी खाली बसली. मला वाटलं आता तिला आनंद होईल. ज्या हाडांवर ती अर्धं आयुष्य जळली ती ही होती, बघायला काल्लिरोई होती म्हणजे सगळं गाव होतं. पण तिचा चेहरा भलताच रागावलेला होता, आणि राग लेमोनियावर नव्हता.

“यांचं प्रेम बघा वन्सं,” ती म्हणाली. “दर शनिवारी खेचराचं सांगायला यायचे. हिच्यात उंदीर झालेत ते यांना दिसलं नाही. एकदा झाकण उघडून बघितलं असतं तर?”

“वहिनी, जाऊ दे आता.”

“काय जाऊ दे? मी काय हिच्यावर जळत होते? मला वाटायचं, ही इथे राणीसारखी पडलीय.” तिने उपडी कवटी उचलली, आतला पेंढा बोटाने काढला. “वाइत्सा, वाइन संपली का?”

“संपली गं आई. बाबांनाच लागली सगळी.”

“घरी जा. पिंपातली घेऊन ये. मोठा जग भरून.”

वाइन आली. मग वहिनीने लेमोनियाचं एकेक हाड धुतलं. त्या दिवशी डाग शोधत होती तशी नाही, नुसतं धुतलं, आपल्याच घरातल्या भांड्यासारखं घासून, आणि करडी ती करडीच राहिली. नव्या पत्र्याच्या पेटीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. अक्रोडाची पेटी झाडून पुसून घेतली, लेमोनियाला तिच्या बाजूला परत लावायला घेतलं, आणि तेव्हा मी तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

“सरक गं लेमोनिया,” ती म्हणाली. “जरा भिंतीला सरक. मला पण यायचंय.”

दादाला तिने दुसऱ्या बाजूला लावलं, त्याने मागितली होती त्याच बाजूला. शब्द पाळला. मग डोक्यावरचा काळा रुमाल सोडला, त्याची उशीसारखी चौकोनी घडी केली आणि दोघांच्या बरोब्बर मध्ये ठेवली. करडित्साला जाणाऱ्या बसमध्ये आपण सीटवर पिशवी टाकून जागा धरतो, अगदी तशी.

काल्लिरोईला राहवलं नाही. “अगं, नवराबायकोच्या मध्ये?”

“मग मी कोण?” वहिनी म्हणाली. “शेजारीण?”

पापा-रिझोसनी वर न बघता पुढचा मंत्र सुरू केला. वाइत्सा आणि तिचा नवरा झाकण बसवत होते. केस उघडे टाकून आमची वहिनी गावातून चालत घरी गेली, विधवेने असं जाऊ नये हे माहीत असून, आणि कोणी तिला टोकलं नाही.

वहिनी गेल्याला आता काही हिवाळे झाले. ती वरच्याच अंगाला आहे, खडीच्या जागेत, त्यामुळे हाडांची मला काळजी नाही. तिला वर काढायला अजून वेळ आहे. मी असेन की नाही कोण जाणे, म्हणून तिला मध्येच ठेवायचं असं वाइत्साकडून वदवून घेतलंय. दर आत्म्यांच्या शनिवारी मी कोलिवा नेते, तिघांची तीन अक्षरं काढून, आणि काठी टेकत अस्थिघरात जाऊन झाकण उचलून बघते. दादाने केलं नाही ते मी करते. उंदीर नाहीत.

मागच्या खेपेला नव्या पाद्र्याची बायको अस्थिघर साफ करत होती. पोरगी शहरातली, कामसू, मनाची चांगली. तिने पेटी उघडली, दोन बोटांनी तो रुमाल उचलला. काळा रंग उडून तपकिरी झालाय, घडीच्या कडा विरल्यात.

“आजी, ही चिंधी टाकू ना?” तिने विचारलं.

“ठेव ती होती तिथे,” मी म्हटलं. “ती जागा धरलेली आहे.”